बालवाडीतल्या विषाणूंची वंशावळ

बर्लिनच्या शारिते रुग्णालयाच्या वैद्यक-इतिहास संग्रहालयात काचेच्या बरण्यांत जतन केलेले अवयव आहेत. त्यांतल्या एका बरणीत फॉर्मालिनमध्ये बुडवलेलं एक छोटं फुप्फुस होतं, दोन वर्षांच्या एका मुलीचं. गोवर आणि पाठोपाठ झालेल्या न्यूमोनियाने ती ३ जून १९१२ रोजी गेली. डॉक्टरांनी शवविच्छेदन करून फुप्फुस बरणीत घातलं, आणि दोन महायुद्धं, शहराची फाळणी, भिंत बांधली जाणं आणि पडणं एवढं सगळं होऊनही ते तिथेच राहिलं.

शंभरेक वर्षांनी रॉबर्ट कॉख संस्थेतले सेबास्तियाँ काल्विन्याक-स्पेन्सर आणि त्यांचे सहकारी त्या बरणीपाशी पोचले. फॉर्मालिन ऊतींना टिकवतं, पण रेणूंना एकमेकांत चिकटवूनही ठेवतं. त्यांनी फुप्फुसाचा बारीकसा तुकडा घेतला, तो तापवून ती पकड सोडवली आणि आत उरलेला आरएनए बाहेर काढला. आरएनए म्हणजे रेणूंमधलं अळवावरचं पाणी. तो शंभर वर्षं टिकेल असं कुणी पैजेवर सांगितलं नसतं. हाती आले ते बारीक चुरे. ते जोडत जोडत गोवराच्या विषाणूची सुमारे १५,९०० अक्षरांची जवळजवळ सगळी संहिता उभी राहिली. २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली, तेव्हा माणसाच्या आरएनए विषाणूची ती सर्वांत जुनी संहिता होती.

गोवराचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे गुरांच्या बुळकांडीचा विषाणू. ज्या बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे केले, तिचं २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. गुरांचा हा विषाणू माणसात शिरून वेगळा कधी झाला, याचं आधीचं अनुमान इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचं होतं. १९१२ चा नमुना आणि सुधारलेलं गणित यांनी ते थेट इसवी सनपूर्व सहाव्या शतकापर्यंत मागे ढकललं. विषाणू ताजा असतो तेव्हा त्याच्यात बऱ्याच निरुपयोगी चुका दिसतात. काळ जातो तशा त्या चाळल्या जातात आणि मोजक्याच उरतात. म्हणून अलीकडच्या नमुन्यांवरून वेग मोजला की विषाणू भरधाव धावतोय असं वाटतं आणि त्याचं वय कमी निघतं. विमानतळाजवळची टॅक्सी पाहून साऱ्या शहराच्या भाड्याचा अंदाज बांधावा, तसला हा प्रकार.

चुका होतात हे मात्र खरंच. आरएनए विषाणूंचा छापखाना मुद्रितशोधकाशिवाय चालतो. प्रत काढताना कुठेतरी अक्षर चुकतं आणि चुकीसकट प्रत बाहेर पडते. गोवर, रुबेला, गालगुंड, पोलिओ, फ्लू, जुलाबाचा रोटा, तान्ह्या बाळांच्या छातीत बसणारा आरएसव्ही, रोजची सर्दी, असे लहानपणच्या बहुतेक दुखण्यांमागचे विषाणू याच छापखान्यातले. कांजिण्यांचा विषाणू तेवढा डीएनएवाला. मग सगळ्यांच्याच छपाईत चुका असताना फ्लूची लस जवळपास दर वर्षी बदलावी लागते आणि गोवराची लस साठ वर्षं तीच कशी चालते? ती लस ज्या विषाणूपासून निघाली, तो १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवर झालेल्या डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या घशातून आणि रक्तातून मिळाला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या लसीतला वाण आजही एडमन्स्टन-झाग्रेब या नावाने ओळखला जातो.

उत्तर विषाणूच्या चेहऱ्यात आहे. गोवराच्या विषाणूच्या कवचावर एच नावाचं प्रथिन असतं आणि त्यानेच तो आपल्या पेशीला धरतो. ज्या खाचेने धरायचं, तिच्या आसपासच्याच जागा आपली प्रतिपिंडं ओळखतात. त्यामुळे ओळख लपवण्यासाठी चेहरा बदलला की हातातली पकडही सुटते. पकड ठेवून चेहरा बदलायचा, तर अनेक जागी एकदम नेमके बदल व्हायला हवेत. तसं होत नाही, कारण मधल्या पायरीवरचा विषाणू तगत नाही. बाकीच्या मजकुरात अक्षरं बदलत राहतात, दर्शनी भागात ती टिकत नाहीत. जनुक बदलणं आणि चेहरा बदलणं यांतला हा फरक ध्यानात ठेवला, तर पुढचा बराच गोंधळ टळतो. 'विषाणू बदलला' एवढ्या बातमीवर घाबरायचं की नाही, ते कुठलं अक्षर बदललं त्यावर ठरतं.

प्रतिपिंडांच्या नजरेबाहेरच्या या बदलांचा उपयोग मात्र मोठा आहे. गोवराच्या एका जनुकाच्या टोकाची ४५० अक्षरं वाचली की विषाणू कुठल्या घराण्यातला ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने अशी २४ घराणी नोंदली, त्यांना ए ते एच अशी अक्षरं आणि त्यापुढे आकडे दिले. लसीकरण पसरत गेलं तशी एकेक घराणी निर्वंश झाली. २०२१ पासून जगभरच्या नमुन्यांत जवळजवळ फक्त दोनच सापडतात, बी-३ आणि डी-८. भारतातल्या नमुन्यांत बराच काळ डी-८ चं राज्य आहे. आनंदाची ही बातमी प्रयोगशाळांना मात्र अडचणीची झाली. सगळीकडे दोनच आडनावं उरली, तर कोण कुठल्या गावचा ते आडनावावरून कसं सांगणार? त्यामुळे आता ४५० अक्षरांवर भागत नाही. जास्त लांब मजकूर, शक्य तर सगळी संहिता वाचावी लागते.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी भागात गोवर उठला. दाटीची वस्ती, एका खोलीत सहा-आठ माणसं, कोविडच्या दोन वर्षांत रखडलेलं लसीकरण. आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघर कार्डं तपासत फिरल्या, तेव्हा कितीतरी कार्डांवर नऊ महिन्यांच्या डोसची जागा कोरी होती. साथ मालेगाव, भिवंडीपर्यंत दिसू लागली आणि मुलं दगावली. केंद्राने नोव्हेंबरात सूचना काढली की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे नऊ महिन्यांखालची बाळंही मोठ्या प्रमाणात आजारी पडत आहेत तिथे सहा महिन्यांपासूनच द्यावा. लस निकामी झाल्याने हे घडलं नव्हतं. ती त्या बाळांपर्यंत पोचली नव्हती.

गोवर परततो तो पूर्वीच्या दुखण्यांनाही बरोबर घेऊन, हे आता मोजता आलं आहे. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचे गोवराआधीचे आणि नंतरचे नमुने २०१९ मध्ये ताडून पाहिले गेले. इतर रोगांविरुद्ध त्यांच्या अंगात जी प्रतिपिंडं होती, त्यांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकली होती. गोवर होऊन गेलेलं पोर पुढे महिनोन्महिने किरकिरं राहतं असं जुन्या बायका सांगत, ते उगाच नव्हतं.

पण चेहरा बदलता न येणाऱ्या विषाणूने जगायचं कसं? एकदा गोवर झालेलं माणूस आयुष्यभरासाठी त्याच्या हिशेबातून बाद होतं. म्हणजे त्याला सतत नवी, कोरी माणसं लागतात, आणि तशी माणसं पाळण्यातूनच येतात. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर ६५ वर्षांनी गोवर पोचला. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराने तो नेला. डेन्मार्कच्या सरकारने पंचविशीतला डॉक्टर पीटर पानुम याला पाठवलं. तो होडीतून गावोगाव फिरला आणि कोण कुठल्या दिवशी कुणाला भेटलं, अंगावर पुरळ कधी उठलं, ते लिहून घेत गेला. ७,७८२ वस्तीपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले होते. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात, हे त्याच्याच टिपणांतून पक्कं झालं. आणि १७८१ च्या साथीत सापडलेली जी म्हातारी माणसं अजून हयात होती, त्यांतल्या एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. काही महिन्यांत बेटांवर कोरं माणूस उरलं नाही आणि गोवर संपला.

पुढे १९६६ मध्ये फ्रान्सिस ब्लॅक यांनी जगभरच्या बेटांच्या नोंदी मांडून दाखवलं की गोवराला एखाद्या ठिकाणी अखंड मुक्काम ठोकायचा असेल, तर साधारण ५ लाखांची वस्ती लागते. त्याहून लहान बेटावर तो येतो, जाळपोळ करतो आणि विझतो. बर्लिनच्या बरणीने दिलेल्या तारखेला अर्थ येतो तो इथे. इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातच भूमध्य समुद्राभोवती, भारतात, चीनमध्ये लाखांच्या वस्तीची नगरं आकाराला येऊ लागली. गुरांकडून माणसांकडे विषाणू त्याआधीही आला असेल, अनेकदा आला असेल; टिकून राहायला मात्र त्याला नगर लागलं.

कांजिण्यांचं सगळं याच्या उलट. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन हे दवाखाना चालवता चालवता संशोधन करणारे गृहस्थ. शेटलंड द्वीपसमूहातल्या येल या विरळ वस्तीच्या बेटावर जाऊन त्यांनी घरोघरच्या कांजिण्यांचा आणि नागिणीचा हिशेब लावला. बेट एवढंसं, बाहेरची वर्दळ थोडी. गोवर तिथे टिकूच शकला नसता, पण कांजिण्या टिकत होत्या. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की बालपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो दशकानुदशकं निजून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. त्या फोडांतून तो कोऱ्या पोराला मिळाला की त्या पोराला नागीण होत नाही, कांजिण्या होतात. आजोबांची नागीण आणि नातवाच्या कांजिण्या हा एकाच वंशाचा, मधली पिढी वगळून झालेला प्रवास.

त्याची किंमत म्हणा किंवा फायदा म्हणा, हा विषाणू जवळजवळ बदलत नाही. त्याची संहिता सव्वा लाख अक्षरांची, डीएनएची, आणि त्याच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. वर पन्नास वर्षं झोप. शतकात त्याच्या फार पिढ्या होतच नाहीत. म्हणून त्याची घराणी आजही ढोबळपणे खंडांप्रमाणे वाटलेली दिसतात. युरोपातली वेगळी, जपानकडची वेगळी, आफ्रिका आणि भारतातल्यांचं आपसात नातं. लसीतला ओका वाण १९७४ मध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी जपानात तयार केला. ओका हे ज्या मुलाच्या फोडातून विषाणू घेतला त्याचं आडनाव.

सर्दीबद्दल थोडक्यात. ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी उपयोगी नाही. बालवाडीत घातलेल्या मुलाचं पहिलं वर्ष नाक पुसण्यात का जातं, याचं यापलीकडे उत्तर द्यायची गरज नाही.

आरएसव्हीकडे मात्र थांबावं लागतं. १९५६ मध्ये तो अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि लवकरच लक्षात आलं की तो मुळात माणसाच्या बाळांचा आहे. दोन वर्षांचं होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला तो होऊन जातो. बहुतेकांची सर्दी, काहींच्या छातीत घरघर, बरगड्या आत ओढल्या जाणं, ऑक्सिजन. २०१९ मध्ये त्यापायी पाच वर्षांखालची सुमारे १ लाख मुलं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतली ९७ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

या विषाणूचं जी नावाचं प्रथिन कवचावर वर असतं आणि तिथे हवे तसे बदल खपतात. १९९९ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये बी गटाचा एक नमुना मिळाला, ज्याच्या जी जनुकात ६० अक्षरांचा तुकडा लागोपाठ दोनदा छापला गेला होता. खिळे जुळवताना जुळाऱ्याच्या हातून ओळ दोनदा लागावी, तसा. एरवी अशी प्रत रद्दीत गेली असती. ही गेली नाही. काही वर्षांत जगातले बी गटाचे जवळजवळ सगळे विषाणू याच दुहेरी ओळीचे वारस झाले. मग २०१० च्या अखेरीस कॅनडातल्या ओंटॅरियोत ए गटानेही तीच गोष्ट केली, या वेळी ७२ अक्षरांची पुनरुक्ती. ओएन-१ नावाचं हे घराणंही पृथ्वीभर पसरलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या नमुन्यांतही ते आढळलं. साथरोगतज्ज्ञांना यात एक आयता शिक्का मिळाला. एकाच नमुन्यापासून निघालेला वंश किती वर्षांत जग व्यापतो, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळतं. दुहेरी ओळीचा विषाणूला फायदा काय? प्रयोगशाळेत तो पेशींना जास्त घट्ट चिकटतो असं दिसलं आहे. तेवढंच कारण असेल असं मानायला मात्र मन धजत नाही.

आरएसव्हीच्या लसीचा इतिहास काळा आहे. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची लस तान्ह्या बाळांना दिली. त्यांतल्या ज्यांना पुढे खरी लागण झाली, त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि दोन बाळं गेली. पुढची कित्येक दशकं या वाटेला जायला लोक कचरत. २०१३ मध्ये विषाणूच्या एफ प्रथिनाचं पेशीत घुसण्याआधीचं रूप नेमकं उलगडलं, आणि २०२३ मध्ये गर्भवतींना द्यायची लस बाजारात आली. एफ हे पेशीचं दार उघडणारं प्रथिन, म्हणून ते गोवराच्या एचसारखं स्थिर, असा भरवसा. तोही पुरा धरू नये. सुप्टाव्हुमॅब नावाचं एफविरुद्धचं तयार प्रतिपिंड बाळांवरच्या चाचणीत नापास झालं, कारण चाचणी चालू असताना फिरणाऱ्या बी गटाच्या विषाणूंच्या एफमध्ये, नेमक्या त्या प्रतिपिंडाच्या जागी, दोन बदल होऊन बसले होते. दोन पुरले.

चुकांच्या जोडीला दुसरी युक्ती आहे, पत्ते पिसण्याची. रोटा विषाणूची संहिता सलग नसते. ती ११ सुट्या तुकड्यांत असते. एकाच आतड्यातल्या एकाच पेशीत दोन वेगळे रोटा शिरले की बाहेर पडणाऱ्या पिलावळीत इकडचे चार आणि तिकडचे सात, असा कुठलाही डाव लागू शकतो. गोठा घराला लागून असला, तर गाईचा पत्ताही त्यात येतो. १९७३ मध्ये मेलबर्नच्या रूथ बिशप यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा पाहिला. चाकासारखा दिसतो, म्हणून लॅटिनमधल्या चाकावरून रोटा. २००० च्या सुमारास तो जगात दर वर्षी पाच लाखांच्या आसपास बालकांचा जीव घेत होता, आणि त्यांत भारताचा वाटा सर्वांत मोठा.

याच पत्त्यांच्या खेळाने भारताला लस दिली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या नवजात कक्षात बाळांच्या शौचात रोटा सापडत होता, पण बाळं मात्र ठणठणीत. जुलाब नाहीत, सुकणं नाही. बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी या बाळांचा पुढेही पाठपुरावा केला. पहिल्याच दिवसांत रोटा होऊन गेलेल्या या मुलांना नंतर तीव्र रोटाचे जुलाब फारसे झाले नाहीत. ११६-ई असं नाव मिळालेल्या त्या विषाणूचे पत्ते उलगडले, तर दहा माणसाच्या रोटाचे आणि एक गाईच्या रोटाचा. निसर्गाने आपसूक मवाळ करून ठेवलेला हा वाण तीसेक वर्षांच्या खटपटीनंतर भारत बायोटेकची रोटाव्हॅक झाला. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात येऊ लागली. पुण्याची रोटासिल याच्या उलट वाटेने गेली. तिच्यात पाया गाईच्या रोटाचा आणि त्यावर माणसाच्या पाच प्रकारांचे पत्ते प्रयोगशाळेत मुद्दाम बसवलेले.

लस सुरू झाल्यानंतरच्या काळात भारतात जी-३ पी-८ हा प्रकार पुढे आला, त्याआधी जी-१ पी-८ चं प्राबल्य होतं. लसीच्या दाबाने असं झालं, हा तर्क लगेच मांडला गेला. पण रोटाचे प्रकार लस नसतानाही आलटून पालटून गादीवर येतात. १९९० च्या दशकात जी-९ असाच वर आला आणि त्यानंतर जी-१२. एका प्रकाराची लस दुसऱ्याच्या तीव्र आजारालाही बऱ्यापैकी रोखते, हे त्याहून महत्त्वाचं.

गालगुंडाबाबत असाच वाद आहे. जेरिल लिन हा लसीतला वाण ए घराण्याचा. मॉरिस हिलमन यांनी १९६३ मध्ये आपल्या आजारी मुलीच्या घशातून तो घेतला आणि तिचंच नाव त्याला दिलं. अलीकडच्या पाश्चात्त्य साथी मात्र जी घराण्याच्या. घराणं जुळत नाही म्हणून लस फसते, असं म्हणणं सोपं आहे. पण त्या साथी लस घेऊन बरीच वर्षं झालेल्या कॉलेजवयीन मुलांमध्ये पेटल्या, म्हणजे संरक्षण ओसरलं हे कारण जास्त पटण्याजोगं आहे. भारतात हा वाद अजून दूरचा. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही. ती हवी असेल तर खाजगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात.

अधूनमधून एखादा जुनाच विषाणू नव्या नावाने वाहिन्यांवर झळकतो. २०२२ च्या मे महिन्यात केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात मुलांच्या अंगावर लाल फोड उठले आणि 'टोमॅटो फ्लू' हा शब्द देशभर झाला. ना तो फ्लू होता, ना टोमॅटोचा काही संबंध. तो हात-पाय-तोंडाचा आजार, कॉक्सॅकी जातीच्या विषाणूंचा. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीची पाळी आली. 'चीनमधून आलेला नवा विषाणू' म्हणून पालक हवालदिल झाले. नेदरलँड्समध्ये तो २००१ मध्येच सापडला होता आणि १९५० च्या दशकापासून जपून ठेवलेल्या रक्तातही त्याची प्रतिपिंडं मिळाली होती. पाचव्या वाढदिवसापर्यंत तो बहुतेक सगळ्या मुलांना होऊन गेलेला असतो. त्याचे जवळचे भाऊबंद पक्ष्यांत आहेत, आणि तो तिकडून माणसात आला त्याला शेकडो वर्षं झाली असावीत. नवी होती ती त्याची चाचणी आणि तिची बातमी.

अक्षरांच्या चुकांचा सर्वांत चोख वापर पोलिओने शिकवला. त्याच्या व्हीपी-१ या सुमारे ९०० अक्षरांच्या जनुकात वर्षाला साधारण एक टक्का, म्हणजे नऊ-दहा अक्षरं बदलतात, आणि बऱ्यापैकी नियमाने. दोन नमुन्यांतला फरक मोजला की विषाणू किती महिने कुणाच्या नजरेस न पडता फिरला ते कळतं. परळला हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात हा हिशेब वर्षानुवर्षं चालला. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने तिथे तपासले जाऊ लागले. शहरात लुळं पडलेलं एकही मूल नसताना गटारात विषाणू सापडे आणि त्याची अक्षरं उत्तर प्रदेश-बिहारमधल्या विषाणूंशी जुळत. कामासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या रेल्वेचा मार्ग असा सांडपाण्यातून वाचता येत होता. भारतातला शेवटचा जंगली पोलिओ १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातल्या एका मुलीत नोंदला गेला.

त्याच घड्याळाने अवघड गोष्टही उघड केली. तोंडावाटे द्यायच्या दोन थेंबांतला मवाळ विषाणू मोजक्या अक्षरांच्या बळावर मवाळ असतो. जिथे लसीकरण अर्धवट, तिथे तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात राहिला की ती अक्षरं उलटतात आणि तो पुन्हा लुळेपणा आणू शकतो. प्रकार दोनचा जंगली विषाणू १९९९ मध्ये अलिगढला शेवटचा दिसला, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर थेंबांतून तो प्रकार वगळला. पण त्याचे लसीपासून निघालेले वंशज आधीच वाटेला लागले होते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड परगण्यात लस न घेतलेला एक तरुण लुळा पडला. त्याच्या विषाणूची अक्षरं लंडन आणि जेरुसलेमच्या सांडपाण्यातल्या विषाणूंशी नातं सांगत होती. २०२१ पासून वापरात आलेल्या नव्या थेंबांत विषाणूची संहिता मुद्दाम अशी बांधली आहे की हा उलटा प्रवास फार कठीण जावा.

कोविडच्या टाळेबंदीने मात्र न ठरवता एक प्रयोग केला, जो एरवी कुणाला परवडला नसता. बालवाड्या बंद, पाळणाघरं बंद, विमानं जमिनीवर. ऑस्ट्रेलियात २०२० च्या हिवाळ्यात आरएसव्ही जवळपास दिसलाच नाही आणि निर्बंध सैल होताच ऐन उन्हाळ्यात उसळला. संहिता पाहिल्या तर पूर्वीच्या बहुतेक शाखा गायब. एखाद-दुसरी ओएन-१ ची फांदी अरुंद फटीतून निसटली होती आणि तिनेच सगळी साथ पेटवली होती. फ्लूच्या बी गटातल्या यामागाता शाखेला तेवढीही फट मिळाली नाही. तिची बहीण, मुलांना जास्त पछाडणारी व्हिक्टोरिया शाखा, परत आली. यामागाताचा खात्रीलायक नमुना मार्च २०२० नंतर मिळालेला नाही. तिला कुणी लसीने हटवलं नव्हतं आणि तिच्यासाठी कुठली मोहीमही नव्हती. २०२४-२५ च्या हंगामापासून अमेरिकेतल्या फ्लूच्या लसीतून तिचा भाग काढून टाकला गेला. आता ती आहे ती प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांमध्ये, चिठ्ठ्या लावलेल्या नळ्यांत.